शुक्रवारचे अध्यक्ष

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना कुणी निवडून दिलं होतं, असं निदान मला तरी आठवत नाही. मी सेक्रेटरी होतो, म्हणजे निवडणूक झाली असती तर ती मलाच घ्यावी लागली असती. मस्कतला आमच्या कंपनीच्या कॅम्पात नगर जिल्ह्यातली पंधरा-वीस माणसं होती. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हे गृहस्थ मेसमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "आपलं एक मंडळ पायजे." सगळे हो म्हणाले. त्यानंतर ते बसलेच नाहीत. खरोखरच बसले नाहीत. सभा कितीही लांबली तरी अध्यक्ष उभे. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बसलं की भाषन सुचतं." उभं राहून आपण जे करतो ते भाषण नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

ते परांचीवरचे, म्हणजे स्कॅफोल्डिंगचे फोरमन, मी स्टोअरकीपर. ते जामखेडच्या पुढल्या एका कोरड्या गावचे, मी शेवगावचा. उंची बेताची, आवाज मात्र सहाव्या मजल्यावर पोचणारा, आणि पायात कायम कंपनीचे सेफ्टी शूज. एकदा वकिलातीतल्या कार्यक्रमाला आम्ही गेलो, तिथंही तेच. मी म्हटलं, अहो, आज तरी चपला घाला. तर म्हणाले, "सेक्रेटरी, वरून काय पडंल सांगता येतं का?" वकिलातीच्या दिवाणखान्यात वरून काय पडणार होतं ते त्यांनाच ठाऊक.

जिल्ह्यातलं कुणी नवीन कामाला येणार असं कळलं, की ते विमानतळावर जायचे. हातात एक पुठ्ठा, त्यावर नुसतं 'नगर' असं लिहिलेलं. पोरगं बावरलेलं बाहेर यायचं, ती अक्षरं पाहून थबकायचं. नाव-गाव विचारायच्या आधी अध्यक्षांचा प्रश्न ठरलेला असायचा : "गावात पानी कुठलं पेता?" विहिरीचं, बोअरचं म्हटलं तर मान डोलवायचे. टँकरचं म्हटलं की खांद्यावर हात टाकायचे. आणि कुणी कालव्याचं म्हणालं तर तोंड वाकडं. "नेवाशाकडचा दिसतोस. कालव्याचं पानी प्यायचं सोडून हिकडं कशाला आला?" मग त्यालाही तेवढ्याच मायेनं गाडीपाशी न्यायचे, डिकीतून स्टीलचा डबा काढायचे आणि तिथंच, पार्किंगमध्ये, भाकरी आणि लसणाची चटणी पुढं करायचे. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं तर एकच वाक्य : "आधी खा. रडायचं ते खाऊन रड."

हा डबा सुरू झाला त्याला कारण होतं. माझ्याच शेवगाव तालुक्यातला एक पोरगा दुसऱ्या कुठल्याशा कंपनीत टाकीवरून पडून गेला. देह पाठवायला कंपनी टाळाटाळ करायला लागली. आज साहेब नाही, उद्या शिक्का नाही. अध्यक्षांनी आपली रजा टाकली आणि रोज सकाळी त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभे राहायला लागले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एक वाजला की उभ्या उभ्या डबा उघडायचा, एसीच्या बंद खोलीत लसणाचा वास पसरायचा, जेवून झालं की रिसेप्शनवरच्या माणसाला सांगायचं, "आज न्हाई झालं? बरं. उद्या येतो." शेवटी एका दुपारी मॅनेजर स्वतः कागद घेऊन बाहेर आला. मला वाटतं, त्याला माणुसकीपेक्षा चटणीनंच जेरीस आणलं.

देहाबरोबर अध्यक्ष स्वतः गावाकडे गेले. शेवगावला त्या पोराच्या बापानं त्यांना एवढंच विचारलं, "जेवला हुता का वो तो त्या दिवशी?" अध्यक्षांना ते माहीत नव्हतं. एवढे कागद, एवढे शिक्के त्यांनी गोळा केले होते, पण हे विचारायचं राहिलं होतं. मस्कतला परत आल्यावर विमानतळावरचा डबा सुरू झाला. अशी माणसं पाहिली की माझा जीव कासावीस होतो. जगानं न मागितलेली जबाबदारी ते आपणहून अंगावर घेतात, आणि मग ती पार पडली नाही तर झुरत बसतात.

मंडळ जरा बाळसं धरायला लागलं तसं सगळ्यांना वाटायला लागलं, की आता मुलखासाठी काहीतरी करावं. कुणाला गावाच्या वेशीवर कमान हवी होती, खाली मंडळाचं नाव. कुणाला सभामंडप, कुणाला व्यायामशाळा. अध्यक्ष उभे होतेच. म्हणाले, "हॉस्टेल. ऊसतोडीवाल्यांच्या पोरांसाठी."

त्यांच्या गावातली निम्म्याहून अधिक घरं दसरा झाला की कुलूप लावून कारखान्यांवर जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला मुकादम उभा करत नाही. मुलं बरोबर जातात आणि शाळा जाते वाऱ्यावर. अध्यक्ष स्वतः अशाच घरातले. सहा वर्षांचे होईपर्यंत ते उसाच्या फडाच्या बांधावरच वाढले. मग बापानं त्यांना चुलत्याकडे शाळेसाठी ठेवलं आणि त्यांचं आयुष्य मार्गी लागलं. "आईबाप फडात. मला आक्कानं कडंवर वाढवला," हे ते दर सभेत सांगायचे, अभिमानानं. आक्का त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, आणि तिला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना ती आक्का स्वतःच्या आत्यासारखी माहीत झाली होती.

अध्यक्षांचा एक हेका होता : गावाला विचारल्याशिवाय वीटसुद्धा लावायची नाही. म्हणून दर शुक्रवारी मस्कतहून अध्यक्षांच्या गावाशी व्हिडिओ कॉल. आमच्याकडे मेसची भिंत, त्यांच्याकडे ग्रामपंचायतीचं ऑफिस. पलीकडे ठरलेले पाच जण : सरपंचाचा भाऊ, एक रिटायर ग्रामसेवक, एक ठेकेदार आणि दोघे नुसती मान हलवणारे. अध्यक्ष कॅमेऱ्यापुढे उभे राहून एकेक मुद्दा मांडायचे. खाटा किती, मोरी कुठं, मुलींचा भाग वेगळा हवा की नको, दार कुठल्या बाजूला. प्रत्येक मुद्द्यानंतर विचारायचे, "गाव काय म्हनतंय?" सरपंचाचा भाऊ म्हणायचा, "गाव तयार हाय." असं किती शुक्रवार चाललं असेल कोण जाणे. आमच्यातले काही वैतागले होते, पण अध्यक्षांना त्यातच समाधान होतं. इमारत उभी राहिली तोवर ते आणि मी दोघंही निवृत्त होऊन परतलो होतो. त्यांची बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. ते वसतिगृहाच्या पुढच्याच खोलीत राहायला गेले.

उद्घाटनाला मी गेलो होतो. खरं सांगायचं तर डोळे भरून आले. चाळीस खाटा, चाळीस कपाटं, भिंती निळ्या, मुलींचा भाग वेगळा, त्याला आतून कडी. अध्यक्षांनी ती कडी मला तीनदा लावून-काढून दाखवली. राखण करायला आणि स्वयंपाकाला गावातलंच एक जोडपं ठेवलं होतं. मी चार दिवस राहणार होतो. दसरा झाला, ट्रॅक्टर यायला लागले, गाव बांधाबांधीला लागलं, आणि वसतिगृहात आले मोजून अकरा मुलगे. हे अकराही जण एरवीसुद्धा आजी-आजोबांपाशी गावातच राहणारे होते. मुलींच्या भागात एकही नाही.

अध्यक्ष घरोघर जायला निघाले, मीही गेलो. दत्तू नावाच्या एका ऊसतोड्याच्या दारात त्याची पोरगी कोमल अंगण झाडत होती. सातवीतली. तिचं गणित वर्गात सगळ्यांच्या पुढं आहे असं मास्तरांनी सांगितलं होतं. एका हातात केरसुणी, कडेवर वर्षाच्या आतलं भावंड. वाकून झाडताना ते पोर घसरत नव्हतं, याचं मला नवल वाटलं.

"शाळंत ऱ्हायचं का तुला?" अध्यक्षांनी विचारलं.

तिनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हायचंय."

"मंग चल की."

"मंग ह्याला कोन घ्येनार? आई फडात गेल्यावर?"

तिनं तक्रार केली नव्हती. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं सांगितलं. तिची आई सिंधू भांडी पोत्यात भरत होती, ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमी खाटा केल्या चाळीस. पाळना एक बी न्हाई केला."

"अगं, दर शुक्रवारी गावाला इचारत हुतो की मी," अध्यक्ष म्हणाले.

"शुक्रवारी व्हय?" ती म्हणाली. "शुक्रवारी बाजार अस्तो. समद्या बाया बाजारात."

ज्या गावात अध्यक्ष जन्मले, ज्या गावचा शुक्रवारचा बाजार त्यांनी आक्काच्या कडेवरून पाहिला, त्या गावच्या बाजाराचा वार ते विसरले होते. तीस वर्षं शुक्रवार म्हणजे सुट्टी, इस्त्रीचे कपडे, मंडळाची सभा. आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात गावाला शुक्रवारी सुट्टी असते असं कधी बसलं, ते कळलंही नाही. ज्यांना बाजारात काही विकायचं नव्हतं आणि काही आणायचं नव्हतं, ते पाच पुरुष आमच्या पडद्यावर बसून गाव तयार असल्याचं सांगत होते. एखाद्या बाईनं पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं, की लेकुरवाळीची मोठी पोरगी मागं राहत नाही. मोठा मुलगा राहील एक वेळ.

परतताना ते वसतिगृहाच्या पायरीपाशी आले आणि खाली बसले. मी त्यांना बसलेलं पाहून घाबरलोच.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "मला चुलत्याकडं ठिवला, तवा आक्का कितवीत हुती?"

"मला कसं माहीत असणार?"

"मला बी न्हाई. कदी इचारलंच न्हाई मी तिला. मस्कतवरून साड्या धाडल्या लई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दत्तूच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी हॉस्टेलात ठिवा. बाळाला मी बघतो. मी येतो तुमच्यासंगं." दत्तू हसला. आसपासचे चार जण हसले. दुबईवाल्या बाबाचं डोकं फिरलं, असं लगेच गावभर झालं (अध्यक्ष "मस्कत, मस्कत" म्हणून थकले, पण गावाला आखात म्हणजे दुबईच). सिंधू तेवढी हसली नाही. तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सिमेंटची गोणी धरावी तसं धरलं. "तसं न्हाई," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून तिनं बाळाच्या मानेखाली नेला. मी माझ्या परीनं सांगून पाहिलं. पासष्टी उलटलेली, गुडघे दुखतात, फडावरच्या खोपटात, त्या कोपीत, राहाल कसं, ऊन, थंडी, पाणी. त्यावर त्यांचं उत्तर, "एक पोरगी तरी शिकंल का न्हाई?" ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्याला टेकून, पायात सेफ्टी शूज आणि मांडीवर दुसऱ्याचं पोर, असे आमचे अध्यक्ष ऊसतोडीला गेले. कोमल वसतिगृहाच्या फाटकात उभी होती. तिला हात हलवायचं सुचलं नाही. दप्तर मात्र पाठीला होतं.

मस्कतच्या मंडळींना हे पटलं नाही. आपला अध्यक्ष ऊसतोड्यांची पोरं सांभाळतो, ही मंडळाची बेअब्रू झाली, असं दोघा-तिघांनी बोलून दाखवलं. एकानं त्यांचा बाळासकट फोटो मागितला, ग्रुपवर टाकायला. मग नवीन अध्यक्ष निवडले गेले, या वेळी रीतसर हात वर करून, आणि पहिल्याच सभेत वेशीवरच्या कमानीचा ठराव झाला. मला हे फोनवर कळलं. परदेशात गेलेला माणूस आपल्या गावावर फार प्रेम करतो, पण ते गाव त्याच्या डोक्यातलं असतं. खऱ्या गावाशी गाठ पडली की त्याला कमानच बरी वाटते.

संक्रांतीच्या सुमाराला नव्या अध्यक्षांना वसतिगृहाचे फोटो हवे होते म्हणून मला पाठवलं. गेलो तर मुलग्यांच्या खोलीत चौघे उरले होते. मुलींच्या भागाला बाहेरून कुलूप. राखणदारानं ते उघडलं. आत सरपंचाच्या भावाची तुरीची पोती होती, छतापर्यंत.

"कोमल कुठं आहे?" मी विचारलं.

"ती व्हय? ती दिवाळीतच गेली. तिचा मामा आला हुता न्यायला. त्यांची टोळी कर्नाटकात गेली. मामीचं बाळ लहान हाय, सांभाळायला कुनी न्हवतं."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"मामाच हुता, साहेब. अडवनार कसं? तिच्या बापाला फोन लावला. त्यो म्हनला, न्या. तसंबी ती रिकामीच हाय."

मी तिथल्या एका खाटेवर बसलो. रिकामी. अध्यक्षांनी तिला मोकळी केली होती, म्हणून ती रिकामी होती, आणि पोरीला कुणी रिकामी राहू देत नाही. तिथून मी फोटो न काढताच निघालो.

दोन दिवसांनी नेवाशाच्या बाजूला, दत्तूची टोळी होती त्या कारखान्यावर गेलो. दत्तूला फोन केला होता, तर तो फड सोडून रस्त्यापर्यंत आलेला. अंगाला उसाचं पाचट चिकटलेलं. माझा चेहरा पाहूनच त्यानं ओळखलं.

"भाऊ, बाबांना सांगू नका," तो म्हणाला. "त्ये उठून गेले तर हिला बाळापाशी थांबावं लागंल. कोयता बंद पडंल आमचा. मुकादम हुबा बी ऱ्हाऊ देनार न्हाई."

"अरे, ते तुझ्या पोरीसाठी आले इथं."

"व्हय. म्हाईत हाय मला," तो म्हणाला आणि अंगावरचं पाचट झटकायला लागला. मला त्याचा संताप आला होता, पण तो काढायचा कुणावर? त्याच्या मेहुण्याची बायकोही कुठंतरी कर्नाटकात फडात उभी होती, तिलाही अर्धा कोयता परवडत नव्हता.

कोप्यांची रांग शेताच्या कडेला होती. उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्यांच्या पाल्यानं, शाकारलेल्या त्या खोपटांत माणूस ताठ उभा राहू शकत नाही. अध्यक्ष दारात पाय पसरून बसले होते. पाय अनवाणी, बूट आत टांगलेले. दाढी वाढलेली, खोकला लागलेला, हातातली दोरी सुरू. वर लुगड्याची झोळी, झोळीत बाळ. मला पाहून त्यांना केवढा आनंद झाला. बाळाला चार दात आलेत, भात खातं, खोकल्याचा आवाज ऐकून हसतं, असं सगळं एका दमात सांगितलं. मग सभेतल्यासारखा आवाज काढला.

"सेक्रेटरी, मंडळाला कळवा. हॉस्टेलात बाळांची खोली पायजे. इथल्या बायांना मी इचारलंय, एकीएकीला. म्हाताऱ्या बाया ठेवू सांभाळायला. धा तरी पोरी मागं ऱ्हातील पुढल्या साली. आन् सभा शुक्रवारी घेऊ नका म्हनावं."

मी हो म्हणालो. मंडळात आता त्यांचं कुणी ऐकणार नव्हतं, हे काही मी सांगितलं नाही.

"कोमल कशी हाय? अभ्यास करती का?"

खोटं सांगणं सोपं होतं. दत्तू रस्त्यावर तेवढ्यासाठीच थांबला होता. पण या माणसाला एका मेलेल्या पोराच्या बापानं एक साधी गोष्ट विचारली होती आणि ती सांगता आली नाही म्हणून तो जन्मभर झुरला होता. मी सगळं सांगितलं. मामा, मामी, तुरीची पोती, बाप काय म्हणाला तेसुद्धा. ते ऐकत होते आणि दोरी थांबली नव्हती. मला वाटलं आता ते उठतील, ओरडतील, दत्तूला बोलावतील.

"मामाचं बाळ केवढंय?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा महिन्यांचं असेल."

"बसतंय का?"

"आत्ता कुठं बसायला लागलंय म्हणे."

त्यांनी मान हलवली. फडाकडे बघत ते थोडा वेळ मनाशी काहीतरी जुळवत राहिले.

"म्हंजी त्ये चालाया लागंस्तवर पुढला हंगाम," ते म्हणाले. "तवर त्यांना दुसरं व्हईल."

मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर. आता इथं कशासाठी थांबता?"

झोळीतलं बाळ जागं होऊन रडायला लागलं होतं. त्यांनी एक हात मानेखाली घालून त्याला सराईतपणे उचललं, कडेवर घेतलं, आणि कोपीत वाकून त्याच्यासाठी भात कालवायला गेले.